जहाजबुडीच्या नोंदींची शीर्षके

एकाच नावाची किंवा मिळत्याजुळत्या नावांची दोन-तीन जहाजे बुडालेली असली, तर कोशातल्या त्यांच्या नोंदी कोणत्या शीर्षकाखाली घालायच्या, याविषयीचे संकेत. जहाजाला नदी, संत, शहर, हत्यार अशा कशाचेही नाव दिले जाते आणि जुने जहाज गेले की तेच नाव नव्याला मिळते. त्यामुळे घोळ दोन्हीकडून होतो. जहाजाचे नाव मूळ नदीशी किंवा शहराशी भिडते, आणि एक जहाज दुसऱ्या जहाजाशी.

पहिल्या प्रकारचे उदाहरण खुद्द नागपूरचे आहे. पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या एका मालवाहू जहाजाला या शहराचे नाव होते. दुसऱ्या महायुद्धात सिएरा लिओनहून ब्रिटनकडे निघालेल्या एसएल १२५ या जहाजांच्या काफिल्याचा कमोडोर, म्हणजे त्यातल्या व्यापारी जहाजांचा प्रमुख, याच जहाजावर होता. २८ ऑक्टोबर १९४२ रोजी यू-५०९ या जर्मन पाणबुडीने ते अटलांटिक महासागरात बुडवले. इंग्रजांच्या जुन्या लेखनात त्याचा उच्चार ‘नागपोर’ असा होतो, पण मराठीत शीर्षक ‘नागपूर (जहाज)’ असेच हवे. नुसते ‘नागपूर’ शहराकडेच राहील, आणि शहराच्या नोंदीच्या माथ्यावर जहाजाकडे नेणारी एक ओळ पुरेल. त्याच नावाच्या दुसऱ्या जहाजाची नोंद कोशात नसेल, तर कंसात वर्ष घालण्याचे कारण नाही.

कोकण किनाऱ्यावरची ‘रामदास’ १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ही बोट आठवते ती त्या दिवसामुळे. ती कोणत्या गोदीत बांधली हे विचारत कोणी कोशाकडे येत नाही. म्हणून ‘रामदास बोट दुर्घटना’ हे शीर्षक योग्य, आणि ‘रामदास (बोट)’ शोधणाऱ्यालाही तिथेच पोचवावे. ‘वैतरणा’चे उलटे आहे. कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला निघालेली ही आगबोट नोव्हेंबर १८८८ मध्ये सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. कागदोपत्री नाव नदीचे आणि तोंडी नाव वेगळे, तर मुख्य शीर्षक ‘वैतरणा (जहाज)’ ठेवून ‘वीजळी’वरून तिथे वाट करून द्यावी. लोकांनी दिलेले नाव कोशातून गळता कामा नये.

जहाज-जहाजातला घोळ सोडवायला बहुतेक कोश जलावतरणाचे वर्ष कंसात घालतात. ते बदलत नाही, आणि बंदराच्या नोंदवह्यांत सापडते. पण हा नियम ‘लुसिटानिया’पाशी अडतो. या नावाची तीन प्रवासी जहाजे गेली. १८७१ साली बांधलेले पहिले १९०१ मध्ये न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर आदळून फुटले. दुसरे पोर्तुगीज कंपनीचे. ते १८ एप्रिल १९११ रोजी दक्षिण आफ्रिकेत केप पॉइंटजवळच्या बेलोज खडकावर आपटले. तिसरे ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने आयर्लंडजवळ बुडवलेले, जगाला ठाऊक असलेले. यातली दुसरी आणि तिसरी दोन्ही १९०६ सालची. ‘लुसिटानिया (१९०६)’ असे शीर्षक दिले तर वाचक पुन्हा चौकातच उभा राहतो. येथे बुडाल्याचे वर्ष घ्यावे: १९०१, १९११, १९१५. सर्वांत प्रसिद्ध जहाजाला कंस न लावता नुसते नाव देण्याची प्रथा आहे. तसे करताना इतर दोघींची वाट बंद होऊ नये.

बुडाल्याचे वर्षही सगळीकडे चालत नाही. ‘आयएनएस खुकरी’ ही युद्धनौका ९ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानी पाणबुडीच्या हल्ल्यात दीवजवळ बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्याच नावाची दुसरी नौका १९८९ मध्ये दाखल झाली, २०२१ मध्ये निवृत्त झाली आणि पुढे संग्रहालय म्हणून दीवलाच देण्यात आली. दुसरी बुडालीच नाही, त्यामुळे तिला बुडाल्याचे वर्ष नाही. स्थळ घालावे तर दोघींचे दीव. अशा जोडीला नौदलात दाखल झाल्याचे वर्ष लावणे बरे: ‘खुकरी (१९५८)’ आणि ‘खुकरी (१९८९)’. ‘खुखरी’ असेही लिहिले जाते, तेही जोडून द्यावे.

उपपदांचा प्रश्न अकारविल्हे रचनेत जाचतो. ‘एसएस’ (वाफेचे जहाज), ‘एमव्ही’ (मोटरचे जहाज) अशी अक्षरे नावाआधी लावली की व्यापारी जहाजे ‘ए’च्या पानांत गर्दी करतात आणि नावाने शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या तेवीस खंडांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे मंडळ नागपूरचे. तशा छापील कोशात शीर्षकाचे पहिले अक्षर चुकले की नोंद हरवलीच. व्यापारी जहाजांची उपपदे काढावीत. ‘आयएनएस’ मात्र बोलण्यातच रुळले आहे, ते पहिल्या वाक्यात असावे.

नावच ठाऊक नसलेल्या प्राचीन जहाजांना सापडल्या जागेचे नाव मिळते. ग्रीसचे अँटिकिथेरा, तुर्कस्तानचे उलुबुरुन, इंडोनेशियाचे बेलिटुंग ही अशी शीर्षके आहेत. त्याच जागेजवळ दुसरे जहाज सापडले तर शतक जोडावे लागते, जसे ‘बेलिटुंग जहाज (नववे शतक)’.