पॉलिन मायर: संविधानावरच्या वादाचा इतिहास लिहिणाऱ्या प्रोफेसर

पॉलिन मायर (२७ एप्रिल १९३८ – १२ ऑगस्ट २०१३) या अमेरिकन इतिहासकार, अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये (मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) १९७८ पासून शेवटपर्यंत इतिहासाच्या प्रोफेसर. अमेरिकन क्रांती, स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि १७८७-८८ मधली संविधानाची मंजुरी हे त्यांचे विषय. या विषयांवर अमेरिकेत लायब्रऱ्या भरतील एवढं लिहून झालंय, पण त्यातलं बरंचसं वॉशिंग्टन, जेफरसन, मॅडिसन, हॅमिल्टन या चार-पाच नावांभोवतीच फिरतं. मायरबाईंनी जन्मभर वेगळाच प्रश्न धरून ठेवला: कागद मोठ्या माणसांनी लिहिला हे ठीक, पण गावोगावच्या लोकांनी तो वाचला का, त्यावर वाद घातला का, आणि मान्य केला तर कशाच्या भरवशावर?

त्यांचा जन्म मिनेसोटातल्या सेंट पॉलचा. माहेरचं आडनाव रबेल्की, वडील अग्निशमन दलात, घरात पाच भावंडं, शाळा कॅथलिक. तिथून त्या रॅडक्लिफ कॉलेजात गेल्या, १९६० मध्ये पदवी घेतली. कॉलेजात असताना 'हार्वर्ड क्रिमसन' या विद्यार्थ्यांच्या पेपरात लिहायच्या आणि सुट्टीत क्विन्सीच्या एका दैनिकात काम करायच्या, तेव्हा पत्रकार व्हायचं असं डोक्यात होतं. मला वाटतं ही सवय त्यांच्या पुस्तकांत शेवटपर्यंत दिसते, कोण कुठे बसलं होतं, बातमी किती दिवसांनी पोचली, मतं किती पडली, हे आधी सांगायचं आणि मग अर्थ लावायचा. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर एक वर्ष लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये काढलं, चार्ल्स मायर यांच्याशी लग्न झालं (तेही पुढे हार्वर्डमध्ये युरोपच्या इतिहासाचे नामवंत प्रोफेसर झाले), आणि मग हार्वर्डमध्ये पीएचडी. खरं तर त्यांना विसाव्या शतकातल्या शहरी राजकारणावर काम करायचं होतं, पण अमेरिकन क्रांतीचे इतिहासकार बर्नार्ड बेलिन यांच्या सेमिनारला बसल्या आणि अठराव्या शतकातच राहिल्या. १९६८ मध्ये पीएचडी झाली, नंतर बोस्टनच्या युनिव्हर्सिटी ऑफ मॅसॅच्युसेट्समध्ये नऊ वर्षं, एक वर्ष विस्कॉन्सिनला मॅडिसनमध्ये, आणि मग एमआयटी.

पहिलं पुस्तक 'फ्रॉम रेझिस्टन्स टू रिव्होल्यूशन' १९७२ चं, १७६५ ते १७७६ या काळावर. रस्त्यावर उतरलेला जमाव म्हणजे डोकं फिरलेली गर्दी, असं आधी सरसकट समजलं जायचं. मायर यांनी दाखवलं की या जमावांनाही मर्यादा होत्या, कायद्याने दाद मिळेना तेव्हाच लोक उतरायचे, ठरावीक माणसाला किंवा ठरावीक मालाला लक्ष्य करायचे, आणि ब्रिटिश राजावरचा विश्वास लोकांनी एका दिवसात नाही तर दहा वर्षांत पायरी-पायरीने सोडला. १९८० मध्ये 'द ओल्ड रिव्होल्यूशनरीज' आलं, त्यात बोस्टनचे क्रांतिकारक नेते सॅम्युअल अ‍ॅडम्स आणि त्यांच्या पिढीतल्या आणखी काही जणांची राजकीय चरित्रं आहेत.

त्यांचं नाव अभ्यासकांच्या बाहेर पोचलं ते १९९७ च्या 'अमेरिकन स्क्रिप्चर'मुळे. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा ज्या थाटात मांडून ठेवलेला असतो तो बघून कॅथलिक शाळेत वाढलेल्या या बाईंना चर्चमधल्या वेदीची आठवण झाली, आणि कामाच्या राजकीय कागदाची पोथी कधी आणि कोणी केली, हा प्रश्न त्यांनी घेतला. उत्तर शोधताना त्यांना एप्रिल ते जुलै १७७६ या काळातले नव्वदच्या आसपास स्थानिक ठराव सापडले, गावसभांचे, काउंट्यांचे, राज्यांच्या विधिमंडळांचे. म्हणजे फिलाडेल्फियात ४ जुलैला जाहीरनामा मंजूर व्हायच्या आधीच लहान लहान गावांनी आपापल्या शब्दांत लिहून ठेवलं होतं की आता राजाशी नातं संपलं आणि का संपलं. या ठरावांकडे आधी कोणी एवढ्या नीट बघितलंच नव्हतं.

जेफरसनबद्दल त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं: त्यांनी मसुदा चांगला लिहिला, पण शून्यातून नाही. समोर स्वतःच लिहिलेला व्हर्जिनियाच्या संविधानाचा मसुदा होता, व्हर्जिनियाचेच नेते जॉर्ज मेसन यांचा हक्कांचा मसुदा होता जो जूनमध्ये पेपरात छापून आला होता, आणि या सगळ्यामागे १६८९ च्या इंग्लिश हक्कांच्या जाहीरनाम्याची परंपरा होती. वर काँग्रेसने (म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने) त्यावर चांगलीच कात्री चालवली, गुलामांच्या व्यापाराबद्दलचा मोठा परिच्छेदच उडवला, जेफरसन बाजूला बसून तळमळत होते तेव्हा फ्रँकलिन यांनी त्यांना एका टोपीवाल्याची गोष्ट सांगितली. दुकानाच्या पाटीवर 'जॉन थॉम्पसन, टोप्या बनवणारा, रोख पैसे घेऊन टोप्या बनवतो आणि विकतो' असं लिहायचं ठरतं, मित्र एकेक शब्द खोडत जातात आणि शेवटी उरतं फक्त नाव आणि टोपीचं चित्र. आपल्याकडे 'येथे ताजे मासे मिळतील' या पाटीचा किस्सा सांगतात, अगदी त्याच वळणाचा! मायर यांचं मत मात्र असं की काँग्रेसच्या या कापाकापीने मसुदा सुधारला, आणि हे त्या एकेक ओळ घेऊन दाखवतात. पुढचा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. जाहीरनामा सुरुवातीची बरीच वर्षं जवळपास विसरला गेला होता, मग पक्षांच्या राजकारणात वर आला, आणि 'सगळी माणसं समान' या वाक्याला आज जो अर्थ आहे तो मुख्यतः लिंकन यांच्या काळात, गुलामगिरीच्या वादात, पक्का झाला.

यानंतरचं मोठं काम म्हणजे २०१० चं 'रॅटिफिकेशन', म्हणजे संविधानाची मंजुरी. आपल्याकडच्या वाचकाने इथे एक फरक ध्यानात ठेवायला हवा. भारताचं संविधान २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेनेच स्वीकारलं, ते नंतर प्रांताप्रांतांत मंजुरीला गेलं नाही, आणि सभेतली चर्चा छापलेली आहे, कोणीही वाचावी. अमेरिकेत उलट झालं, मे ते सप्टेंबर १७८७ मध्ये फिलाडेल्फियातली चर्चा बंद दाराआड झाली, १७ सप्टेंबरला ३९ जणांनी सह्या केल्या, हजर असलेल्या तिघांनी (मेसन, रँडॉल्फ, गेरी) सही करायला नकार दिला, आणि मग तो कागद तेरा राज्यांकडे गेला. प्रत्येक राज्याने लोकांमधून प्रतिनिधी निवडून वेगळं अधिवेशन भरवायचं आणि नऊ राज्यं 'हो' म्हणाली की संविधान लागू. उघड चर्चा झाली ती इथे, आणि मायर यांचं पुस्तक याच साधारण वर्षभराच्या चर्चेचं आहे.

पेनसिल्व्हेनियाचं प्रकरण वाचताना तर अंगावर काटा येतो. विरोधी आमदारांनी कोरम मोडायला सभागृहात जायचं बंद केलं, ४६ जण लागत होते आणि ४४ जमले होते, तर जमावाने दोघांना त्यांच्या मुक्कामाच्या घरातून ओढत आणून खुर्चीवर बसवलं आणि अधिवेशन बोलवायचा ठराव पास झाला. १२ डिसेंबरला ४६ विरुद्ध २३ अशी मंजुरी मिळाली. भाषणं शॉर्टहँडमध्ये टिपणाऱ्या थॉमस लॉइड यांनी नंतर पुस्तक काढलं त्यात फक्त समर्थकांचीच भाषणं होती, म्हणजे पुढच्या पिढ्यांना अर्धीच बाजू मिळाली. डिसेंबरच्या शेवटी कार्लाइल गावात दंगल झाली, समर्थक नेत्यांचे पुतळे जाळले. मतांनी जिंकलं पण माणसं दुखावून जिंकलं तर काय होतं ते यातून कळतं.

मॅसॅच्युसेट्समध्ये वेगळं घडलं. तिथे साडेतीनशेवर प्रतिनिधी जमले, त्यात शेतकरी बरेच. अमोस सिंगलटरी उठून म्हणाले की हे वकील आणि शिकलेले पैसेवाले गोड बोलून आम्हा गरिबांना गिळतील, बायबलमधल्या देवमाशाने योनाला गिळलं तसं. त्यांना उत्तर दिलं जोनाथन स्मिथ यांनी, लेन्सबरोचे शेतकरी, सांगितलं की मी साधा माणूस, नांगरावर पोट भरतो, पण आमच्या भागात बंडाच्या वेळी (१७८६-८७ चं कर्जबाजारी शेतकऱ्यांचं बंड) काय हाल झाले ते मी बघितलंय, हे संविधान हातात आलं तेव्हा परत परत वाचलं आणि कुठल्याही वकिलाला विचारायला गेलो नाही. दोन शेतकरी, दोघांचंही म्हणणं मनापासूनचं! मायर दोघांनाही सारखी जागा देतात, कोणाला अडाणी ठरवत नाहीत. शेवटी १८७ विरुद्ध १६८ मतांनी मंजुरी मिळाली, सोबत दुरुस्त्यांची शिफारस जोडून, आणि हरलेल्यांपैकी अनेकांनी उभं राहून सांगितलं की आम्ही विरोध केला, आता निकाल मान्य करतो आणि घरी जाऊन लोकांनाही तेच सांगू. पुढच्या बहुतेक राज्यांनी हीच वाट धरली, मंजुरी द्यायची पण दुरुस्त्या सुचवायच्या. व्हर्जिनियात ८९-७९, न्यूयॉर्कमध्ये तर विरोधकांचं मोठं बहुमत निवडून आलेलं असूनही ३०-२७. ऱ्होड आयलंडने मात्र १७९० पर्यंत ताणलं आणि ३४-३२ वर हो म्हटलं. १७९१ मध्ये संविधानात हक्कांबद्दलच्या पहिल्या दहा दुरुस्त्या आल्या त्या या रेट्यातून, म्हणून विरोधकांना नुसते हरलेले म्हणून सोडून देता येत नाही.

याच कारणाने मायर यांनी विरोधकांसाठी रूढ असलेला 'अँटी-फेडरलिस्ट' हा शब्द शक्य तितका टाळला. हे नाव प्रतिपक्षाने चिकटवलेलं होतं, त्यातल्या अनेकांना संविधान फेकून द्यायचं नव्हतं तर आधी दुरुस्त करून हवं होतं, आणि एकदा शत्रूने दिलेलं नाव वापरलं की आपणही नकळत एका बाजूला जाऊन बसतो. लहान गोष्ट वाटते, पण माझ्या मते पूर्ण पुस्तकाचा कणा हीच आहे. संविधानाच्या बाजूने लिहिलेल्या 'फेडरलिस्ट' या गाजलेल्या ८५ लेखांनाही त्यांनी मध्यभागी ठेवलं नाही, कारण न्यूयॉर्कबाहेर तेव्हा ते फार कमी छापले जायचे. 'रॅटिफिकेशन'ला २०११ चं जॉर्ज वॉशिंग्टन बुक प्राइझ मिळालं, ५०,००० डॉलर्सचं.

हे सगळं शक्य झालं ते एका लांबलचक प्रोजेक्टमुळे. विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीत मेरिल जेन्सन यांनी आणि नंतर जॉन कमिन्स्की यांनी मंजुरीच्या काळातली पत्रं, पेपरातले लेख, गावसभांचे ठराव, भाषणांची टिपणं गोळा करून राज्यवार छापायला घेतली, पहिला खंड १९७६ चा. मायर यांनी हे ऋण मोकळेपणाने मान्य केलं, एका माणसाने तेरा राज्यांचे दप्तरखाने फिरून एका जन्मात हे झालं नसतं. पुस्तकात पेनसिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्स, व्हर्जिनिया, न्यूयॉर्क यांना भरपूर पानं आहेत, आणि या राज्यांचे खंड तेव्हा हाताशी होते हे त्याचं एक कारण.

एमआयटी म्हणजे इंजिनियरांची जागा, तिथे त्यांनी पस्तीस वर्षं इतिहास शिकवला, विल्यम केनन ज्युनियर यांच्या नावाचं प्रोफेसरपद त्यांच्याकडे होतं. तिघा सहलेखकांबरोबर 'इन्व्हेंटिंग अमेरिका' हे पाठ्यपुस्तक केलं, त्यात तंत्रज्ञान आणि विज्ञान अमेरिकेच्या इतिहासात गुंफलेलं आहे. २०१३ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने त्या गेल्या, ७५ वर्षांच्या होत्या. मेरीलँड, साउथ कॅरोलिना आणि न्यू हॅम्पशायर यांचे कागदपत्रांचे खंड त्यानंतर, २०१५ ते २०१७ मध्ये, छापून आले.