पार्श्वभूमी : ‘गुमास्ता’ आणि दहावा माणूस

दुकानात नऊ माणसे कामाला असली तर कायदा एक, दहावा आला की दुसरा. महाराष्ट्रातल्या छोट्या व्यावसायिकाला हे शिकवावे लागत नाही. दहावा माणूस घ्यायचा की आहे त्या नवांत भागवायचे, हा विचार तो करतो तेव्हा त्याच्या सीएने हा आकडा त्याच्या कानावर घातलेला असतोच. आता ही रेघ दहावरून वीसकडे सरकते आहे. ती मुळात आली कुठून?

कारखान्यांचे थोडक्यात सांगता येते. १८८१चा पहिला कायदा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि १०० किंवा जास्त माणसे असलेल्या कारखान्यांपुरता होता. १८९१ मध्ये हा आकडा ५० झाला, १९२२ मध्ये २० आणि १९४८ मध्ये १०. यंत्रशक्ती नसेल तिथे २०. गिरण्यांसाठी निघालेला कायदा पाऊणशे वर्षांच्या आत गल्लीतल्या वर्कशॉपपर्यंत उतरला.

दुकानांची वाट वेगळी होती. मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमही १९४८चाच, पण नोंदणीला त्यात आकड्याची अट नव्हती. कायदा लागू असलेल्या शहरात दुकानात एकच पोऱ्या असो की तोही नसो, नोंदणी करावीच लागे. दुकान उघडण्याची-मिटण्याची वेळ ठरलेली, आठवड्यातून एक दिवस शटर बंद. वर्षभर काम केलेल्या माणसाला काढायचे तर ३० दिवसांची नोटीस. तीन महिन्यांच्या वर पण वर्षाच्या आत असेल तर १४ दिवसांची. ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणण्याची मालकाची मुभा निदान कागदावर तरी संपली होती.

याच कायद्याच्या परवान्याला लोक ‘गुमास्ता’ म्हणू लागले आणि इथेच एका शब्दाची गंमत झाली. गुमास्ता हा मूळ फारसी शब्द, अर्थ ‘नेमलेला’. पेढीवर नेमलेला कारकून, वसुलीला जाणारा माणूस, म्हणजेच नोकर. कायदा त्याच्यासाठी, म्हणून नाव त्याचे. पुढे बँकेत चालू खाते उघडायचे, कर्ज काढायचे तर धंद्याचा पुरावा म्हणून हाच कागद मागितला जाऊ लागला. ‘गुमास्ता काढला का?’ या प्रश्नात आता नोकर कुठेच नाही. तो मालकाचा कागद झाला, काचेच्या फ्रेममध्ये लक्ष्मीच्या फोटोशेजारी टांगलेला. पगारी रजा त्याच कायद्यात लिहिली आहे, हे त्या फ्रेमखाली उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक असेलच असे नव्हते. २०१७चा बदल फारशा आरडाओरड्याशिवाय पार पडला, त्याचे एक कारण मला हेच वाटते. मालकांनी त्याकडे परवान्याची सुलभता म्हणून पाहिले, आणि गुमास्त्यांना आपले काही जाते आहे याचा पत्ता लागला नाही.

तो बदल असा. १९ डिसेंबर २०१७ पासून राज्यात नवा दुकाने व आस्थापना कायदा आला. वर्षाचे ३६५ दिवस दुकान उघडे ठेवण्याची मोकळीक मिळाली, कामगाराची साप्ताहिक सुट्टी पाळीपाळीने द्यायची ठरले, आठ दिवस नैमित्तिक रजा आणि आठ पगारी सणाच्या सुट्ट्या आल्या. हे सगळे मात्र दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना. नऊपर्यंत असतील तर धंदा सुरू केल्याची ऑनलाइन सूचना द्यायची, एवढेच कलम लागू. मालकांची बाजू खोटी नव्हती. नूतनीकरणाच्या खेपा, रजिस्टरांचा ढीग आणि इन्स्पेक्टरची ‘भेट’ यांनी छोटा दुकानदार कावला होता. पण कागदपत्रे कमी करणे वेगळे आणि रजा, सुट्टी, कामाचे तास कायद्याबाहेर काढणे वेगळे. १९८८च्या एका केंद्रीय कायद्याने नऊपर्यंत माणसे असलेल्यांना ‘अतिलघु’ म्हणत फक्त विवरणपत्रे आणि नोंदवह्यांचा भार हलका केला होता, हक्कांना हात लावला नव्हता. तो रस्ता उपलब्ध होता.

शिवाय माणसे किती आणि ती मोजायची कशी, हेही प्रत्येक कायदा आपापल्या परीने सांगतो. भविष्य निर्वाह निधीला २० लागतात, पण त्यात कंत्राटदाराची माणसेही धरली जातात आणि शाखा वेगळ्या मोजता येत नाहीत. म्हणजे एक दुकान नऊ जणांचे, दुसरे अकरा जणांचे म्हणून सुटका नाही. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेला १९७२चा ग्रॅच्युइटी कायदा त्याहून बारकाईने बघे : मागच्या बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी दहा माणसे कामाला असली की तो लागू. दिवाळीच्या गर्दीसाठी घेतलेली दोन पोरे भाऊबीजेनंतर घरी जात, कायदा मात्र दुकानात राही. १९८४च्या दुरुस्तीनंतर तर संख्या घटली तरी तो हलत नसे.

तक्रार ऐकायची कोणी, याचा इतिहासही मोठ्या कारखान्यांच्या मापाने शिवलेला आहे. मालक आणि कामगार संघटनांनी स्वेच्छेने मान्य केलेल्या १९५८च्या शिस्तसंहितेच्या जोडीने एक आदर्श तक्रारपद्धत आखली गेली : आधी फोरमनकडे तोंडी, उत्तर ४८ तासांत, मग खातेप्रमुख, तीन दिवस, मग समिती, सात दिवस, मग व्यवस्थापक. सहा माणसांच्या वर्कशॉपमध्ये फोरमन, खातेप्रमुख आणि व्यवस्थापक एकाच खुर्चीत बसतो आणि तक्रार बहुधा त्याच्याचविरुद्ध असते. १९६५ पर्यंत एकट्या माणसाची बडतर्फी हा ‘औद्योगिक विवाद’, म्हणजे कामगार न्यायालयापर्यंत नेता येईल असा वाद, ठरायला संघटनेचे किंवा सहकाऱ्यांचे पाठबळ लागे. चार जणांच्या दुकानात ते आणायचे कुठून? त्या वर्षीच्या दुरुस्तीने ही अडचण दूर केली. राज्याच्या १९७१च्या कायद्याने पुढचे दार उघडले : अनुचित कामगार प्रथेविरुद्ध एकटा कर्मचारीही ९० दिवसांत न्यायालयात तक्रार करू शकतो. तक्रार निवारण समिती मात्र २०१० मध्ये आली तीही २० कामगारांच्या अटीसह. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती अट तशीच आहे.

कारखान्याची व्याख्याही त्याच दिवशीपासून यंत्रशक्तीसह २० आणि त्याविना ४० झाली, म्हणजे यंत्रशक्तीपुरते आपण पुन्हा १९२२च्या पायरीवर आलो. दुकानांचा आकडा १० वरून २० करायला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मान्यता दिली होतीच.

काही गोष्टींना आकडा नाही. किमान वेतन एकट्या नोकरालाही आहे. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी दहाच्या आतल्या आस्थापनांतल्या स्त्रियांना २०१३च्या कायद्याने जिल्ह्याची स्थानिक समिती दिली आहे. पण रविवारी बोलावले, लग्नाची रजा नाकारली, रात्री दहापर्यंत थांबवले, अशा तक्रारीसाठी आठव्या माणसाला गल्ल्यासमोरच उभे राहावे लागते, गिऱ्हाईक नसेल ती वेळ बघून.