स्कॅन क्लिअर आलं म्हणजे काय कळलं? कवटीतला रक्तस्राव आणि कन्कशन

बेळगाव-खानापूर भागात यात्रा म्हटली की कुस्त्यांचं मैदान आलंच. ढाक या डावावर उचलून टाकलेला पैलवान कधी मानेवर, कधी डोक्यावर पडतो. उठताना झोकांड्या खातो. मग तोंडावर पाणी मारतात आणि कुणीतरी म्हणतं, "मुका मार हाय, काय होत नाही." दुसऱ्या दिवशीही डोकं ठणकत राहिलं तर बेळगावात नेऊन सीटी स्कॅन करतात. रिपोर्ट क्लिअर आला की वस्ताद पुढच्या जोडीचं बोलायला मोकळे. इथेच घोटाळा होतो.

अशा वेळी सीटी स्कॅन मुख्यतः रक्त आणि हाड बघतं. कवटीच्या आत रक्तवाहिनी फुटली की रक्त साचत जातं आणि मेंदूवर दाब वाढतो. फसवं असं की मार लागल्यावर माणूस काही वेळ ठणठणीत वाटू शकतो. फेब्रुवारी १९९८ मध्ये बांगलादेशात ढाक्याला भारताचा क्रिकेटपटू रमण लांबा हेल्मेटशिवाय शॉर्ट लेगला उभा होता. चेंडू डोक्याला लागल्यावर तो स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला, आणि तीन दिवसांनी दगावला.

कन्कशनमध्ये बहुधा फुटत-तुटत काहीच नाही. हिसक्याने मेंदू कवटीत हलतो आणि पेशींचं काम काही दिवस विस्कळीत होतं. ते सीटीत दिसत नाही. बेशुद्धी तर बहुतेकांना येतच नाही. लक्षणंही उशिरा उमटू शकतात. २०१९ मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेला लागूनही स्टीव्ह स्मिथ तपासणीनंतर त्याच दिवशी पुन्हा बॅटिंगला आला. दुसऱ्या दिवशी मात्र त्याला कन्कशन झाल्याचं ठरलं. त्याच्या जागी मार्नस लाबुशेन खेळला आणि स्मिथ पुढच्या कसोटीलाही मुकला.

डोकेदुखी, मळमळ, गरगरणं दोन्हींत असतं, त्यामुळे मैदानाच्या कडेला फरक ओळखण्याची हुशारी कुणी करू नये. बघायचं ते त्रास वाढतोय का. वाढती डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, फिट येणं, असंबद्ध बोलणं, हातापायातली ताकद जाणं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, जागं करूनही नीट न उठणं: यांतलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन. कणकुंबी-जांबोटीकडच्यांनी तर "सकाळी बघू" म्हणूच नये. घाटातला रस्ता रात्री वेळ खातो. मान दुखत असेल तर ती हलवू नका. पहिल्या दिवशी ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन मनाने देऊ नका.

रक्तस्राव नाही हे कळल्यावर कन्कशनचं काम सुरू होतं, आणि आपल्याकडे नेमकं तेच कुणी करत नाही. पहिले २४ ते ४८ तास जोर-बैठका बंद, मोबाइल कमी. घरात हिंडा-फिरायला हरकत नाही. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर निजवून ठेवायची जुनी पद्धत आता मागे पडली आहे. मग चालणं, सायकल, पळणं, जोडीदाराशिवाय डावांचा सराव. पायरी एका दिवसाला एकच; त्रास बराच वाढला तर तिथेच थांबून दुसऱ्या दिवशी पुन्हा. मोठ्यांना साधारण दोन आठवडे लागतात, तालमीतल्या पोरांना महिनाही लागू शकतो. अंगाला अंग लावून लढत सगळ्यात शेवटी, लक्षणं पूर्ण गेल्यावर आणि डॉक्टरांनी तपासून होकार दिल्यावर. तोवर यात्रा कमिटीने जोड जाहीर केली असली तरी दुसरा पैलवान बघावा.