फोनवरची देवनागरी: डिचोलीची वेलांटी कुठे अडली

2010-11 च्या सुमाराच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर मराठी पान उघडलं की ओळीच्या ओळी रिकाम्या चौकोनांच्या दिसत. गोव्यात हा त्रास दुहेरी होता. 1987 च्या राजभाषा कायद्यानं देवनागरीतली कोकणी राजभाषा केली आणि सरकारी कामात मराठीलाही मुभा ठेवली, म्हणजे दोन्ही भाषांचं एकाच लिपीवर अडलं.

अँड्रॉइड कंपनी 2003 ची, गूगलनं ती 2005 मध्ये घेतली, पहिला फोन 2008 मध्ये बाजारात आला. सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरीचा फाँटच नव्हता. फाँट हा प्रणालीचा भाग, ॲपसारखा वरून टाकता येत नाही. म्हणून हौशी मंडळी फोन रूट करून, म्हणजे प्रणालीचा पूर्ण ताबा मिळवून, ‘सिस्टम’मधल्या ‘फाँट्स’ फोल्डरातली ‘ड्रॉइड सॅन्स फॉलबॅक’ ही फाइल बदलत. नव्या फाइलीची परवानगी 644 (वाचता सगळ्यांना येईल, बदलता फक्त मालकाला) ठेवायची, आणि आधी पूर्ण बॅकअप घ्यायचा. परवानगी चुकली तर प्रणालीला फाँट वाचता येत नाही, आणि कधी फोन सुरू होतानाच्या लोगोवरच अडकून बसे. बॅकअप नसेल तर मग सगळी प्रणाली नव्यानं टाकणं आलं.

एवढं करून चौकोन जात, पण मजकूर धड होत नसे. ‘पणजी’ नीट दिसे, कारण तिथं अक्षरं एकापुढं एक ठेवली की काम भागतं. ‘डिचोली’ मात्र बिघडे. युनिकोडमध्ये आधी ड साठवला जातो आणि मग पहिली वेलांटी. ती उचलून ड च्या अलीकडं मांडणं हे फाँटचं एकट्याचं काम नाही, त्यासाठी अक्षरजुळणी करणारा वेगळा भाग लागतो. तो नसल्यानं वेलांटी ड च्या पलीकडं, म्हणजे च ला चिकटलेली दिसे. ‘म्हापसा’तला म् पाय मोडून सुटा उभा राही. काही कंपन्यांनी आपल्या फोनांत ही सोय स्वतःहून घातली होती, पण शेजारच्या फोनात असेलच असं नाही.

बाकीच्यांचा आधार ऑपेरा मिनी हा ब्राउझर. पत्त्याच्या चौकटीत ‘ऑपेरा:कॉन्फिग’ टाइप करून गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी बिटमॅप फाँटचा पर्याय ‘होय’ केला, की सर्व्हर मजकुराची चित्रं करून पाठवी. वाचता येई, पण डेटा जास्त जाई, आणि चित्रातला मजकूर कॉपी कसा करणार? तोडगाच तो, पण त्या काळी त्याच्याइतका कामाचा दुसरा नव्हता.

2011 च्या अखेरीस आलेल्या 4.0 आवृत्तीनं देवनागरीची जुळणी बरीच सुधारली. मेनू आणि सेटिंग्ज मराठीत दिसायला 2014 ची 5.0 उजाडावी लागली. पण नवी आवृत्ती आली म्हणून हातातल्या फोनाला ती मिळत नसे. चिप बनवणारा आणि फोन बनवणारा, दोघांनी आपापला कोड नव्यानं बसवायचा, आणि स्वस्त फोनासाठी तो खटाटोप सहसा कुणी करत नसे. 2017 च्या 8.0 मध्ये गूगलनं चिपचा कोड प्रणालीपासून वेगळा काढला. आधी विकलेल्या फोनांना त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

मधल्या काळात लोक रोमन अक्षरांत मराठी लिहायला सरावले. त्याला एसेमेसचा हिशेबही कारण होता: रोमनमध्ये एका संदेशात 160 अक्षरं, देवनागरीत 70, आणि त्यातही काना, मात्रा, हलन्त प्रत्येकी एक धरून. ‘म्हापसा’ पाहायला तीन अक्षरं, मोजायला सात. शेवटी 2016 च्या भारतीय मानकानं (आयएस 16333, भाग 3) फोनावर सगळ्या 22 अनुसूचित भाषांतला मजकूर वाचता आला पाहिजे असं ठरवलं.

एक गाठ अजून सुटलेली नाही. ‘खाऱ्या’ लिहायला साधा र, हलन्त आणि य दाबला तर रफार येऊन ‘खार्या’ होतं. नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ घ्यावा लागतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर तो र च्याच कळीवर, शिफ्ट धरून. काहीजण साध्या र आणि हलन्तापुढं अदृश्य जोडचिन्ह घालतात. दोन्ही दिसायला सारखे, आतून वेगळे, त्यामुळं एका पद्धतीनं लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीनं शोधला तर बऱ्याचदा सापडत नाही. मजकूर साठवून ठेवायचा असेल तर नुक्त्याचा ऱच वापरावा.