लाल जहाजाच्या मागोमाग: ध्रुवीय क्रूझची पार्श्वभूमी

अर्जेंटिनाच्या टोकाला उशुआया बंदर आहे. तिथून अंटार्क्टिकाला सुटलेलं जहाज ड्रेक सामुद्रधुनी ओलांडायला साधारण दोन दिवस घेतं. ज्यांना बोट लागते ते हे दोन दिवस केबिनमध्ये आडवे असतात. बाकीच्यांना मधल्या वेळेत लाउंजमध्ये बोलावणं येतं. येताना जॅकेट, पाठीवरची सॅक, कॅमेऱ्याचा ट्रायपॉड, सगळं घेऊन यायचं. तिथे कर्मचारी व्हॅक्यूम क्लीनर घेऊन बसलेले असतात. खिसे उलटे करायचे, शिवणी तपासायच्या. जॅकेटच्या वेल्क्रोत एखादं कुसळ किंवा गवताचं बी अडकलं असेल, तर ते चिमट्याने उपसून काढायचं. किनाऱ्यावर उतरताना आणि परत चढताना गमबूट जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये बुडवायचे, ते वेगळंच. दहा लाखांच्या आसपास, आणि वरच्या केबिनसाठी त्याच्या कितीतरी पट, मोजून आलेली माणसं निमूटपणे ब्रशने बूट घासत असतात.

हा सोवळेपणा उगाच नाही. ‘पोआ ॲन्युआ’ नावाचं जगभर उगवणारं एक साधं गवत माणसांबरोबर अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर पोचलं आणि पोलंडच्या संशोधन केंद्राच्या आवारात रुजलं. ते उपटून काढायला पुढे खास प्रयत्न करावे लागले. या सफरींचे बहुतेक नियम असेच आले आहेत. आधी काहीतरी बिघडलं, मग नियम झाला. जाहिरातीत दिसणारा सौना आणि बर्फाकडे तोंड करून बसलेलं जोडपं हा या कहाणीतला अगदी अलीकडचा भाग आहे.

श्रीमंतांची ध्रुवाकडची सहल मात्र अलीकडची नाही. तिची सुरुवात उत्तरेकडे झाली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मध्यरात्रीचा सूर्य बघायला युरोपातून आगबोटी नॉर्वेच्या उत्तर टोकापर्यंत जात, त्यातल्या काही पुढे आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या स्पिट्सबर्गन बेटालाही. रिचर्ड विथ या नॉर्वेजियन कप्तानाने 1893 मध्ये किनाऱ्यालगतची जलद टपाल बोट सुरू केली. तीच पुढे ‘हुर्तिग्रुतेन’ म्हणून नावारूपाला आली. 1896 मध्ये त्याच्या कंपनीने स्पिट्सबर्गनच्या ॲडव्हेंट फिओर्डजवळ चक्क एक लाकडी हॉटेल उभारलं. धंदा दोनेक हंगामांपलीकडे चालला नाही, पण त्या जागेला ‘होटेलनेसेत’, म्हणजे हॉटेलचं टोक, हे नाव चिकटलं. आज स्वालबार्डचा विमानतळ तिथेच आहे.

त्याच उन्हाळ्यात स्वीडनचा सालोमन आंद्रे हायड्रोजनच्या फुग्यातून उत्तर ध्रुव गाठायच्या तयारीत त्याच द्वीपसमूहातल्या डान्स्क बेटावर तळ ठोकून होता, आणि त्याची तयारी बघायला प्रवासी बोटी येत होत्या. त्या वर्षी वारा साथीला आला नाही. 11 जुलै 1897 रोजी तो दोन साथीदारांसह उडाला आणि तिघेही परतले नाहीत. त्यांचे अवशेष सापडले ते थेट 1930 मध्ये. एकाची मोहीम आणि दुसऱ्याची करमणूक यांची गाठ ध्रुवाजवळ तेव्हापासून पडत आली आहे. मराठीत मोहीम म्हटलं की आधी घोडदळ आठवतं. इथे तो शब्द न्याहारीला तीन प्रकारची अंडी देणाऱ्या जहाजाला लावतात, तेव्हा थोडं हसू येतंच.

दक्षिणेकडे पर्यटक पोचायला 1950 चं दशक उजाडलं. डिसेंबर 1956 मध्ये चिलीच्या एका विमानाने प्रवाशांना अंटार्क्टिकावरून चक्कर मारून आणली. जानेवारी 1958 मध्ये अर्जेंटिनाचं ‘लेस एक्लेरर्स’ हे जहाज सहली घेऊन गेलं. पण या सहलींचा साचा ज्याने पाडला तो माणूस म्हणजे लार्स-एरिक लिंडब्लाड. जन्माने स्वीडिश, धंद्याने न्यूयॉर्कचा टूर ऑपरेटर. 1966 मध्ये त्याने अर्जेंटिनाच्या नौदलाचं ‘लापाताया’ भाड्याने घेऊन 57 प्रवासी अंटार्क्टिकाला नेले. दोन वर्षांनी अंटार्क्टिकालगतच्या रॉस समुद्रात. भाड्याच्या जहाजांवर भागेना, म्हणून त्याने फिनलंडमध्ये स्वतःच्या बेताचं जहाज बांधून घेतलं. 1969 मध्ये ते पाण्यात उतरलं. नाव ‘लिंडब्लाड एक्स्प्लोरर’, रंग लालभडक, लांबी जेमतेम 73 मीटर, प्रवासी शंभरेक.

आजच्या भल्यामोठ्या जहाजांवर दिनक्रम चालतो तो मुळात त्या लाल जहाजावरचाच. रबरी झोडियाक बोटींतून दहा-बारा जणांचे गट किनाऱ्यावर न्यायचे. बोटीत चढता-उतरताना समोरच्याचा हात धरायचा तो मनगटाला मनगट धरून, कारण ओले पंजे निसटतात. सोबत गाइड म्हणून पक्षितज्ज्ञ, भूगर्भतज्ज्ञ, चित्रकार. पक्ष्यांची चित्रमय मार्गदर्शिका करणारे रॉजर टोरी पीटरसन आणि निसर्गरक्षक पीटर स्कॉट हे या जहाजावर नेहमीचे. संध्याकाळी दिवसभराची उजळणी आणि उद्याच्या बेताची माहिती. लिंडब्लाडचा हिशोब असा, की जागा डोळ्यांनी पाहिलेला माणूस तिच्या बाजूने बोलतो. यात व्यापार होताच, पण विश्वासही होता. मला त्या दोन्हींत भांडण दिसत नाही, निदान शंभर प्रवाशांच्या जहाजावर तरी.

जहाज साहसी होतं, पण अंगाशीही यायचं. 1972 मध्ये ते अंटार्क्टिकात खडकावर चढलं आणि चिलीच्या नौदलाने प्रवाशांची सुटका केली. त्या प्रवाशांत खुद्द लिंडब्लाडही होता. 1984 मध्ये मात्र ते कॅनडाच्या उत्तरेच्या नॉर्थवेस्ट पॅसेजमधून पार जाणारं पहिलं प्रवासी जहाज ठरलं.

दरम्यान अंटार्क्टिकावर कोणाची सत्ता चालायची, हा प्रश्न बाजूला ठेवून 12 देशांनी 1 डिसेंबर 1959 रोजी करार केला होता. शांतता आणि विज्ञान ही त्याची दोन कलमं सर्वांना ठाऊक असतात. पर्यटकांचा विचार त्या करारात नव्हता. दोन अपघातांनी तो ऐरणीवर आणला. 28 नोव्हेंबर 1979 रोजी एअर न्यूझीलंडचं प्रेक्षणीय उड्डाणावर निघालेलं विमान अंटार्क्टिकातल्या माउंट एरेबस या ज्वालामुखीवर आदळलं आणि त्यातले सर्व 257 जण मृत्युमुखी पडले. मग 28 जानेवारी 1989 रोजी अर्जेंटिनाचं रसदवाहू जहाज ‘बाहिया पाराइसो’, ज्यावर पर्यटकही होते, अमेरिकेच्या पामर केंद्राजवळ खडकाला लागलं. माणसं वाचली, पण सुमारे सहा लाख लिटर इंधन समुद्रात गेलं. त्या जहाजाचा सांगाडा आजही तिथेच पडून आहे.

त्यानंतर अडीच-तीन वर्षांच्या आत दोन गोष्टी झाल्या. ऑगस्ट 1991 मध्ये सात सहल कंपन्यांनी मिळून ‘आयएएटीओ’ ही संघटना काढली आणि ऑक्टोबरमध्ये माद्रिद इथे अंटार्क्टिक कराराला जोडलेल्या पर्यावरण-संरक्षणाच्या करारनाम्यावर सह्या झाल्या. सरकारांनी हात घालण्याआधी धंदेवाल्यांनीच आपल्याला शिस्त लावून घेतली, असं सहसा घडत नाही. एका ठिकाणी एका वेळी 100 पेक्षा जास्त माणसं उतरवायची नाहीत. 500 पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाने कोणालाच उतरवायचं नाही. पेंग्विनपासून पाच मीटर दूर राहायचं, आणि तोच चालत जवळ आला तर आपण थांबायचं. कोणतं जहाज कोणत्या दिवशी कुठल्या किनाऱ्याला हेही आगाऊ ठरतं, म्हणून फोटोत कधी दुसरं जहाज येत नाही. त्या फोटोंतली निर्जनता वेळापत्रकातून येते, हे प्रवाशाला कोणी आवर्जून सांगत नाही.

त्याच वर्षी सोव्हिएत संघ कोसळला आणि या धंद्याला अनपेक्षित घबाड मिळालं. रशियाकडे बर्फ फोडणारी आणि बर्फात टिकणारी जहाजं होती, पैसा नव्हता. ‘अकादेमिक इओफ्फे’, ‘अकादेमिक शोकाल्स्की’ अशी संशोधन जहाजं पाश्चात्त्य कंपन्यांनी भाड्याने घेतली. केबिन साध्या, काहींना बाथरूम सामाईक. त्याच्या एक वर्ष आधी, 1990 मध्ये, ‘रोसिया’ या अणुइंधनावरच्या आइसब्रेकरने पर्यटकांना उत्तर ध्रुवापर्यंत नेऊन आणलंही होतं. शीतयुद्धासाठी पोसलेली यंत्रं शॅम्पेनच्या बाटल्या वाहू लागली.

लाल जहाजाचा शेवट 23 नोव्हेंबर 2007 रोजी झाला. मालक बदलून, नुसतं ‘एक्स्प्लोरर’ या नावाने ते साउथ शेटलंड बेटांजवळ बर्फाला धडकलं. प्रवासी आणि कर्मचारी मिळून 154 जण. जहाजाची नोंदणी लायबेरियात होती; त्या देशाच्या चौकशीत पुढे निघालं की कप्तानाने समोरचा कठीण बर्फ कोवळा समजून त्यात जहाज घातलं होतं. माणसं रात्रीच जीवरक्षक होड्यांत उतरली आणि कित्येक तास उघड्यावर कुडकुडत राहिली. मग ‘नोर्डनोर्गे’ हे जहाज येऊन पोचलं आणि सगळे वाचले. वाचवणारं जहाज हुर्तिग्रुतेनचं होतं, म्हणजे स्पिट्सबर्गनला हॉटेल बांधणाऱ्या त्या रिचर्ड विथच्या वारशातलं. समुद्र त्या दिवशी बऱ्यापैकी शांत होता आणि मदत जवळ होती. दोन्ही नसतं तर हा परिच्छेद वेगळा लिहावा लागला असता.

पुढचे नियम भराभर आले. 1 ऑगस्ट 2011 पासून अंटार्क्टिकाच्या पाण्यात जड इंधन तेलाला बंदी झाली आणि त्या तेलावर चालणारी बरीच मोठी जहाजं तिथून हटली. 1 जानेवारी 2017 पासून ‘पोलर कोड’ ही ध्रुवीय पाण्यातल्या जहाजांसाठीची आंतरराष्ट्रीय नियमावली लागू झाली, त्यात जहाजाची बांधणी, होड्या, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण सगळं आलं. जुनी रशियन जहाजं मागे पडत गेली आणि बँकांच्या पैशाने नवी उतरली. आजची चैन इथून सुरू होते. 2019 चं ‘सीनिक एक्लिप्स’ दोन हेलिकॉप्टर आणि एक पाणबुडी घेऊन निघालं. फ्रेंच ‘ल कमांदां शार्को’ द्रवरूप नैसर्गिक वायू आणि बॅटऱ्यांवर चालतं, आणि सप्टेंबर 2021 मध्ये थेट उत्तर ध्रुवावर जाऊन आलं. त्याआधी 2016 मध्ये ‘क्रिस्टल सेरेनिटी’ सुमारे हजार प्रवासी घेऊन नॉर्थवेस्ट पॅसेजमधून गेलं, जिथे लिंडब्लाडचं जहाज शंभरेक घेऊन गेलं होतं.

उत्तरेत एक फरक आहे, तो विसरून चालत नाही. अंटार्क्टिकात गाव नाही. आर्क्टिकमध्ये माणसं राहतात, शेकड्यांच्या वस्तीसमोर हजारांचं जहाज लागू शकतं. म्हणून तिथे नियम देश करतात. नॉर्वेने 1 जानेवारी 2025 पासून स्वालबार्डच्या संरक्षित भागात जहाजावर 200 प्रवाशांची मर्यादा घातली, उतरायच्या जागा मोजक्या ठरवल्या आणि ध्रुवीय अस्वलांपासून किमान 300 मीटर अंतर बंधनकारक केलं. वसंतात ते 500 होतं.

आपला अंटार्क्टिकाशी संबंध गोव्यातून सुरू होतो. 6 डिसेंबर 1981 रोजी डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ‘पोलर सर्कल’ हे भाड्याचं नॉर्वेजियन जहाज गोव्यातून निघालं आणि 9 जानेवारी 1982 रोजी 21 जणांच्या पहिल्या भारतीय मोहिमेने बर्फावर पाय ठेवला. आज या मोहिमांचा कारभार वास्कोतल्या ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्रातून चालतो. मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्यांच्या जाहिरातीत अंटार्क्टिका दिसू लागलं ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी. 2022 मध्ये भारताने स्वतःचा अंटार्क्टिक कायदाही केला. आपल्या देशातून निघणाऱ्या मोहिमा आणि पर्यटकांसाठी परवान्याची चौकट त्यात आहे.

अंटार्क्टिक कराराच्या देशांची बैठक मे 2024 मध्ये कोचीत भरली, तेव्हा पर्यटनासाठी एकत्रित चौकट तयार करण्याचं काम हाती घेण्यात आलं. कारण उघड होतं. 1992-93 च्या हंगामात सुमारे 6,700 पर्यटक गेले होते. 2023-24 मध्ये 1,22,000 च्या वर गेले. दर किनाऱ्यावर 100 ची अट तीच आहे, जहाजं मात्र कितीतरी पटींनी वाढली आहेत. एकूण पर्यटक किती, यावर कोणतीही मर्यादा अजून नाही, आणि करारात निर्णय सर्वांच्या संमतीने होतो.