जिगसाठी रॉड किती लांब हवा?

पूर्व टेक्ससमधल्या लेक फोर्क या तलावाच्या पाण्यातून आजही वाळक्या झाडांचे बुंधे उभे आहेत. 1980 मध्ये धरण बांधून पाणी अडवलं तेव्हा त्यांतली बरीच झाडं तशीच राहू दिली होती. लार्जमाउथ बासला अशीच जागा लागते. हा मासा भक्ष्यामागे फार धावत नाही. बुंध्याच्या सावलीला चिकटून राहतो आणि काही जवळ आलं की जबडा उघडून पाण्यासकट आत ओढतो. टेक्ससचा विक्रमी बास याच तलावात जानेवारी 1992 मध्ये मिळाला. 18.18 पौंडांचा, म्हणजे सव्वाआठ किलोचा.

अशा माशासाठी जिगसारखं आमिष नाही. शिसं किंवा टंगस्टनचं डोकं, त्यातून निघालेला जाड हुक, भोवती रबरी झालर आणि हुक फांदीत अडकू नये म्हणून पुढे ताठ केसांचा झुपका. वजन साधारण 10 ते 21 ग्रॅम. तळाशी टेकवायचा, जरासा उचलायचा, पुन्हा टेकवायचा.

सुरुवातीला माझ्याकडे साडेसहा फुटी रॉड, म्हणजे मासे गरवायची काठी, होता. याच बुंध्यांपाशी पंचवीस मीटरवर जिग टाकला होता, बोटाला ‘टक’ जाणवलं, मी जोरात हिसका दिला. क्षणभर वजन लागलं आणि लाइन, म्हणजे जिगची दोरी, सैल पडली. त्या दिवशी असं तीनदा झालं. हुकची धार नखावर घासून पाहिली, ती चांगली होती. चूक होती हिशेबात, आणि तो हिशेब इतका सुंदर आहे की तो सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

रॉड माशाच्या दिशेने रोखून सरळ वर उभा केला, तर त्याचं टोक जवळजवळ रॉडच्या लांबीइतकं मागे येतं. साडेसहा फुटी रॉडने सुमारे 1.98 मीटर लाइन ओढली जाते, साडेसात फुटी रॉडने 2.29 मीटर. फरक फक्त तीस सेंटिमीटरचा. पण त्या 1.98 मीटरमधून काय काय वजा होतं बघा. आधी लाइनची ढील, मग पाण्यातला तिचा बाक, मग तिचा ताण. लाइन शंभराला पाच या मापाने जरी ताणली, तरी पंचवीस मीटरमागे सव्वा मीटर तिथेच गेला. रॉड स्वतः वाकतो तेही वजा करायचं. हुकपर्यंत जे उरतं त्यानेच जबड्याचं हाड भेदायचं असतं, आणि तिथे तीस सेंटिमीटर ही फार मोठी रक्कम आहे.

मग सरसकट लांब रॉडच का घेऊ नये? कारण रॉड ही तरफ आहे, आणि ही तरफ आपल्या विरुद्ध बाजूने काम करते. पहारीने दगड उचलताना लांब टोक आपल्या हातात असतं. इथे लांब टोक माशाकडे आणि आखूड टोक आपल्याकडे. मनगट आणि कोपर तेवढाच पीळ देत असतील, तर साडेसात फुटी रॉडच्या टोकाला साडेसहा फुटीपेक्षा जवळपास 13 टक्के कमी ओढ पोचते. लांबी हालचाल देते आणि तिची किंमत ताकदीतून वसूल करते. रॉडच्या दुकानात कोणी कितीही गोड बोललं तरी यातून सुटका नाही.

त्यात वाकण्याचा प्रश्न आहे. एका टोकाला धरलेल्या दांडीचा वाक लांबीच्या घनाने वाढतो. तीच जाडी, तेच कार्बन तंतू ठेवून साडेसहाचा रॉड साडेसात केला, तर तो त्याच ओझ्याखाली दीडपटीहून जास्त वाकेल. म्हणून जिगचे लांब रॉड मुद्दाम जाड, कडक बांधलेले असतात. अशा रॉडचं फक्त टोक लवतं. मासा ओढू लागला की वाक मुठीकडे सरकतो, रॉडची कामाची लांबी आपोआप घटते आणि गेलेला जोर थोडा परत मिळतो. मला हा भाग सगळ्यात आवडतो.

लांबीचा सगळ्यात मनोरंजक इतिहास मात्र लांब फेकीचा नाहीच, जवळच्या मासेमारीचा आहे. कॅलिफोर्नियात लोक बारा फुटी रॉडला आखूड लाइन बांधून बोरूच्या दाट बेटांत जिग वरून सोडत. डी थॉमस हा मासेमार त्यात पटाईत. स्पर्धांमध्ये तक्रारी झाल्या, लांबीवर बंधन आलं. मग त्याने साडेसात फुटी रॉडवर तेच काम जमवलं. लाइन डाव्या हाताने ओढून धरायची, जिग लंबकासारखा झुलवायचा आणि आवाज न करता बुंध्याशी ठेवायचा. हेच फ्लिपिंग. 1975 मध्ये आर्कान्सामधल्या बुल शोल्सवर तो याच पद्धतीने स्पर्धा जिंकला. इथे पोच म्हणजे रॉड आणि झुलणारी लाइन यांची मिळून लांबी, म्हणून साडेसात ते आठ फूट योग्य. मासा चार-पाच मीटरवर असतो, लाइनचा ताण नगण्य, आणि हुक बसताक्षणी त्याला फांद्यांतून वर उचलायचं असतं.

खोल, खडकाळ तळावर अमेरिकन फुटबॉलसारखं लांबट डोकं असलेला जिग ओढत आणायचा असेल तरीही लांबीच हवी, पण ती फेकीसाठी आणि ढील गोळा करण्यासाठी. हात तेवढ्याच गतीने फिरला तर टोकाची गती लांबीच्या प्रमाणात वाढते, फेक त्या गतीच्या वर्गाने. कागदावर साडेसहावरून साडेसातला एक-तृतीयांश जास्त अंतर मिळतं. प्रत्यक्षात हवा अडवते आणि लांब रॉड फिरवायला जड जातो, म्हणून फायदा बराच कमी.

लाकडी धक्क्याखाली जिग पाण्यावरून टप्पे खात घालायचा असेल, किंवा काठावर झुडपांत उभं राहायचं असेल, तर पावणेसात-सात फुटांच्या पुढे जाऊ नये. तिथे टोक खाली ठेवून मनगट फिरवावं लागतं. तुमची उंची पाच फूट तीन इंच असेल तर आठ फुटी रॉडचं टोक पाण्यात बुडणारच. कॅटलॉगमध्ये हे लिहिलेलं नसतं. जिग बांधून रॉड जमिनीकडे झुकवून बघा, लगेच कळेल.

मालवणला लहानपणी खाडीवर गरवायला जायचो तेव्हा रॉड नव्हताच. दोरी, गरी आणि तर्जनी. आजही फेकीच्या रॉडची लाइन मी रीलच्या, म्हणजे ती गुंडाळणाऱ्या चाकाच्या, पुढे त्याच बोटावर घेतो. टोकापासून येणारी थरथर लांब, जड रॉडमध्ये विरते असं मला वाटतं, म्हणून बोटीवरून फेकायला मी सव्वासात फूट घेतला. गेल्या मार्चमध्ये त्याच बुंध्यांपाशी, वीस मीटरवर, लाइन न थरथरता नुसती डावीकडे सरकली. ढील गोळा केली, रॉड वर घेतला, आणि या वेळी वजन लागलेलंच राहिलं.