नंदादेवीचा वेढा आणि ‘अभयारण्य’ नावाचा गुंता

नंदादेवीच्या पायथ्याशी का जाता येत नाही, असे मुंबईतल्या कुठल्याही ट्रेकरला विचारा. ‘अभयारण्य आहे ना’ असे उत्तर येते. ते चूक आहे. नुसते अभयारण्य असते, तर पायथ्याच्या लाता आणि रैणी या गावांच्या मेंढ्या आजही आत चरल्या असत्या.

आधी जागा समजून घेऊ. नंदादेवी उत्तराखंडच्या गढवाल भागातल्या चमोली जिल्ह्यात आहे. ७,८१६ मीटरच्या नंदादेवीभोवती त्रिशूल (७,१२०), दुनागिरी (७,०६६), चांगबांग, कलंका, ऋषी पहाड असा शिखरांचा शंभरेक किलोमीटरचा वेढा आहे. आतले पाणी बाहेर पडते ते फक्त पश्चिमेच्या ऋषिगंगेच्या घळीतून. सह्याद्रीच्या भाषेत सांगायचे तर किल्ल्याला दरवाजा एकच, आणि तोही नदीने अडवलेला.

गढवालींसाठी नंदा ही माहेरवाशीण. भाद्रपदात आपल्या घरी गौरी माहेरी येतात, त्याच सुमारास तिकडे नंदेची सासरी पाठवणी होते.

१९३४ मध्ये दोन ब्रिटिश गिर्यारोहक आणि तीन शेर्पा त्या घळीतून आत पोहोचले. त्या जागेला इंग्रजीत ‘सँक्च्युरी’ म्हटले गेले. त्याचा भाव मराठीतल्या ‘गाभारा’ या शब्दाच्या जवळचा. दोन वर्षांनी मुख्य शिखर सर झाले. १९३९ मध्ये शिकारबंदीसाठी सरकारी ‘सँक्च्युरी’ जाहीर झाली. शब्द तोच, अर्थ दुसरा. मराठीत आपण दोन्हींना ‘अभयारण्य’ म्हणून मोकळे झालो.

खरी मेख १९७२ च्या वन्यजीव कायद्यात आहे. त्यानुसार अभयारण्यात गावकऱ्यांचे काही हक्क, चराईसुद्धा, चालू ठेवता येतात. राष्ट्रीय उद्यानात चराईला पूर्ण मनाई आहे. १९८२ मध्ये नंदादेवीचा हा आतला सुमारे ६३० चौरस किलोमीटरचा भाग राष्ट्रीय उद्यान झाला. सुरुवातीला त्याला दिलेले नाव होते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. बोरिवलीकरांना गंमत वाटेल, पण तिथे रविवारी सहकुटुंब जाता येते आणि इथे गिर्यारोहक, मेंढपाळ, हमाल सगळ्यांनाच बंदी.

बंदीची कारणे खोटी नव्हती. १९७४ मध्ये आतला भाग परदेशी मोहिमांना खुला झाला आणि काही वर्षांतच तळछावण्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. जळणासाठी भूर्जवृक्ष आणि जुनिपर तोडले गेले, कस्तुरीमृगांची चोरटी शिकार वाढली. पण कचरा केला मोहिमांनी आणि कुरणे गेली गावांची, हे नीट सांगितले जात नाही. तिबेटशी चालणारा इथल्या भोटिया लोकांचा व्यापार १९६२ च्या युद्धाने आधीच बुडाला होता. उरली होती मेंढरे आणि मोहिमांची हमाली. दोन्ही एका अधिसूचनेत गेली. आणि ही गावे जंगलाची वैरी तरी होती का? १९७४ च्या मार्चमध्ये पुरुषमंडळी गावात नसताना रैणीच्या बायकांनीच झाडे तोडायला आलेली ठेकेदाराची माणसे परतवून लावली होती. जंगल ज्यांनी वाचवले, जंगल वाचवायचे म्हणून त्यांनाच बाहेर काढले, असे लाता-रैणीत कोणाला वाटले तर नवल नाही.

बंदीचे खरे कारण वेगळेच होते, असेही बोलले जाते. १९६५ मध्ये चिनी अणुचाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी भारत-अमेरिकेच्या गुप्त मोहिमेने प्लुटोनियमवर चालणारे यंत्र नंदादेवीवर नेले. वादळामुळे ते वरच ठेवून माणसे उतरली. पुढच्या वर्षी ते जागेवर नव्हते, आणि आजवर सापडलेले नाही. हे प्रकरण १९७८ मध्ये जगजाहीर झाले, त्यामुळे संशयाला जागा आहे. तरी १९७४ ते १९८२ या काळात तिथे परदेशी मोहिमा सर्रास जात होत्या. तेव्हा सगळी बंदी प्लुटोनियमच्या नावावर टाकणे मला पटत नाही.

१९८८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा आला, जीवावरण राखीव क्षेत्रही जाहीर झाले. २००१ मध्ये लाताच्या गावकऱ्यांनी जाहीरनामा काढून पर्यटन आमच्या हाती द्या, अशी मागणी केली. २००३ पासून धरांसीमार्गे उद्यानातल्या डिब्रुगेटापर्यंत मोजक्या लोकांना सोडू लागले.

७ फेब्रुवारी २०२१ ला वेढ्याबाहेरच्या रोंटी शिखराचा खडक आणि बर्फ कोसळून ऋषिगंगेला लोंढा आला. रैणीजवळचा वीजप्रकल्प वाहून गेला, खालच्या तपोवन वीजप्रकल्पाच्या बोगद्यात कामगार अडकले, दोनशेहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली. तेव्हा ‘ते यंत्र फुटले’ ही अफवा पुन्हा उठली. अभ्यासकांना सापडला तो कडा तुटल्याचा ताजा व्रण.